विमानप्रवासात जादा बॅटऱ्या आणि पॉवर बँक: काय केबिनमध्ये, काय चेक-इनमध्ये, काय घरी

प्रश्न थोडक्यात असा आहे. नागपूरहून मुंबई आणि तिथून एमिरेट्सने दुबईमार्गे फ्रँकफर्ट. प्रवासी दोघं, त्यातले वडील सत्तरीचे आणि रात्री सीपॅप (झोपेत श्वास अडू नये म्हणून नाकावाटे दाबाने हवा देणारं यंत्र) लावून झोपणारे. सामानात २०,००० एमएएचची एक पॉवर बँक (तिच्यावरची अक्षरं पुसट झालेली) आणि ३०,०००ची दुसरी, कॅमेऱ्याच्या तीन जादा बॅटऱ्या, छोटा ड्रोन आणि त्याच्या तीन बॅटऱ्या, सीपॅपची वेगळी बॅटरी, टॉर्चचे दोन १८६५० सेल (चार्ज होणारे लांबट गोल लिथियम-आयन सेल), पेन्सिल सेलचं एक पाकीट आणि जावयासाठी घेतलेलं कॉर्डलेस ड्रिल. काय कुठे ठेवायचं?

आधी सरळ उत्तर. ३०,०००ची पॉवर बँक घरीच ठेवा. पुसट अक्षरांचीही नेऊ नका. तिच्याऐवजी आकडे स्पष्ट वाचता येतील अशी घ्या, माणशी एकच. ड्रिलचं यंत्र चेक-इन बॅगेत आणि त्याची बॅटरी काढून केबिनमध्ये. कॅमेरा, ड्रोन, सीपॅप आणि टॉर्चच्या सगळ्या सुट्या बॅटऱ्या केबिन बॅगेत, प्रत्येकीची टोकं झाकून. पेन्सिल सेल मूळ पाकिटातच राहू द्या आणि चेक-इनमध्ये टाका. हे असंच का, ते नीट समजून घेतलंत तर पुढच्या प्रवासात यादीत नसलेली वस्तू निघाली तरी तुमचं तुम्हाला ठरवता येईल.

सगळ्या नियमांच्या मुळाशी एकच विचार आहे: बॅटरी पेटली तर ती माणसाच्या हाताशी आणि डोळ्यांसमोर असली पाहिजे. लिथियम-आयन सेलमध्ये धन आणि ऋण पट्ट्यांच्या मध्ये प्लास्टिकचा एक अतिशय पातळ पापुद्रा असतो. आपटल्यामुळे, दाबामुळे, कारखान्यातल्या एखाद्या धातूच्या कणामुळे किंवा नुसत्या उष्णतेने तो फाटला की आतल्या आत शॉर्ट होतो. सेल तापतो, आतल्या द्रावणाची ज्वालाग्राही वाफ होते, आणि धन बाजूचं रसायन तापून स्वतःच ऑक्सिजन सोडायला लागतं. म्हणून ही आग नुसती हवा तोडून विझत नाही. एक सेल गेला की त्याची उष्णता शेजारच्या सेलला लागते आणि पॅकमधले सेल एकामागून एक जातात. ही साखळी तोडायची तर सेल थंड करावा लागतो, आणि त्यासाठी पाणी लागतं.

विमानाच्या पोटात, म्हणजे चेक-इन सामानाच्या कप्प्यात, आग विझवायला हॅलॉन वायू असतो. तो ज्वाळा दाबतो, पण सेल थंड करत नाही. शिवाय तिथे ती पॉवर बँक कपड्यांच्या घड्यांत, कदाचित डिओडोरंटच्या डब्याला टेकून पडलेली असते आणि उड्डाणात तिथवर कुणीही पोहोचू शकत नाही. ३ सप्टेंबर २०१० रोजी दुबईहून निघालेलं यूपीएसचं मालवाहू बोइंग ७४७ अशाच आगीत कोसळलं. मालात लिथियम बॅटऱ्यांचा मोठा साठा होता आणि दोन्ही वैमानिक गेले. १ एप्रिल २०१६ पासून सुट्या लिथियम-आयन बॅटऱ्या प्रवासी विमानातून माल म्हणून पाठवायला बंदी आहे. प्रवाशाने स्वतःजवळ ठेवलेल्या मोजक्या बॅटऱ्यांना सूट मिळते ती त्या केबिनमध्ये असतात म्हणूनच.

पण केबिनमध्ये म्हणजे नेमकं कुठे, हा २०२५ सालचा धडा आहे. २८ जानेवारीला दक्षिण कोरियात बुसानच्या गिम्हे विमानतळावर एअर बुसानचं एअरबस उड्डाणाआधी उभं असतानाच डोक्यावरच्या कप्प्यातून पेटलं. १७६ जण वेळेत उतरले, विमान मात्र जळून गेलं. तपासातला मुख्य संशय पॉवर बँकेवर होता. १८ ऑक्टोबरला हांगचौहून सोलला निघालेल्या एअर चायनाच्या विमानात डोक्यावरच्या कप्प्यातल्या बॅगेत बॅटरी पेटली आणि विमान शांघायला उतरवावं लागलं. दुसऱ्याच दिवशी, १९ ऑक्टोबरला, दिल्लीहून दिमापूरला निघालेल्या इंडिगोच्या विमानात धावपट्टीकडे जाताना एका प्रवाशाच्या समोरच्या खुर्चीच्या खिशातलं उपकरण पेटलं. ती पॉवर बँक असल्याच्या बातम्या होत्या. कर्मचाऱ्यांनी ती आग जागच्या जागी विझवली. खिशातली आग पहिल्या धुरालाच दिसते. वरच्या बंद कप्प्यातली आग दिसते तेव्हा आजूबाजूच्या तीन बॅगा पेटलेल्या असतात. म्हणूनच आता बऱ्याच देशांत आणि विमान कंपन्यांत पॉवर बँक वरच्या कप्प्यात ठेवायला मनाई आहे; भारतातही नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची भूमिका हीच आहे. पॉवर बँक खिशात, समोरच्या खुर्चीच्या खिशात किंवा पायाशी ठेवलेल्या छोट्या पिशवीत हवी. त्यासाठी एक साधी गोष्ट करा: बॅटऱ्यांची पिशवी ट्रॉली बॅगेत भरू नका, खांद्यावरच्या छोट्या बॅगेत भरा.

आता आकडे. मर्यादा एमएएचमध्ये नसते, वॉट-अवरमध्ये, म्हणजे बॅटरीत साठणाऱ्या एकूण ऊर्जेच्या मापात असते. हिशोब असा: एमएएचला हजाराने भागा आणि व्होल्टने गुणा. २०,००० एमएएच म्हणजे २० एएच (अँपिअर-अवर), गुणिले ३.७ व्होल्ट, म्हणजे ७४ वॉट-अवर. १०,०००ची ३७. २६,८००ची ९९.१६, आणि बाजारात हा विचित्र आकडा एवढा दिसतो त्याचं कारणही तेच, शंभराच्या आत बसवलेला आकडा. ३०,०००ची १११, म्हणजे शंभराच्या वर. तुमची ती पॉवर बँक इथेच अडते.

गुणताना चूक होते ती व्होल्टच्या आकड्यात. पॉवर बँकेच्या मागच्या बाजूला सहसा दोन ओळी असतात. एक साधारण अशी: क्षमता २०,००० एमएएच, ३.७ व्होल्ट, ७४ वॉट-अवर. दुसरी अशी: रेटेड क्षमता १२,००० एमएएच, ५ व्होल्ट. दुसरी ओळ म्हणजे आतली वीज ५ व्होल्टला चढवून केबलमधून बाहेर येताना उरते किती, ते. विमानासाठी पहिलीच धरायची. लोक २०,०००ला ५ने गुणून शंभर काढतात आणि घाबरतात. फास्ट चार्जिंगच्या २० व्होल्टने गुणून कुणी चारशेही काढतं. गुणायचं ते सेलच्या व्होल्टने. काही नव्या पॅकवर ३.८५ व्होल्ट लिहिलेलं असतं, तिथे तोच आकडा घ्या, २६,०००ला ३.८५ने गुणलंत तर शंभरच्या किंचित वर जातं. वॉट-अवर थेट छापलेले असतील तर हिशोबाची गरजच नाही, तपासणीवालेही तोच आकडा शोधतात.

मर्यादा अशा आहेत. १०० वॉट-अवरपर्यंत परवानगी लागत नाही. १०० ते १६० पर्यंत विमान कंपनीची आधी परवानगी लागते आणि जादा बॅटऱ्या माणशी फक्त दोन. १६० च्या वरची सुटी बॅटरी प्रवासी सामानात चालतच नाही. व्हीलचेअरची वेगळी तरतूद आहे, ती पुढे सांगतो. चार्ज न होणाऱ्या लिथियम सेलसाठी वॉट-अवरऐवजी लिथियमचं वजन धरतात: प्रत्येकी २ ग्रॅमपर्यंत. घड्याळाचा सीआर२०३२ किंवा कॅमेऱ्याचा सीआर१२३ त्याच्या खूप आत बसतो. सुट्या बॅटऱ्यांची सर्वसाधारण मर्यादा माणशी वीस आहे. पॉवर बँकेला मात्र कंपन्या फार कडक झाल्या आहेत. एमिरेट्समध्ये १ ऑक्टोबर २०२५ पासून माणशी एकच पॉवर बँक, १०० वॉट-अवरच्या आतली, क्षमतेचा आकडा स्पष्ट दिसणारी. विमानात तिने काही चार्ज करायचं नाही, तिला विमानाच्या सॉकेटवर चार्ज करायचं नाही, आणि ती वरच्या कप्प्यात ठेवायची नाही. तुमच्या प्रवासात दोन कंपन्या आहेत. पूर्ण मार्गावरचा सगळ्यात कडक नियम पहिल्या विमानापासूनच पाळायचा. नागपूर-मुंबईत चाललं म्हणून नेलेली वस्तू मुंबईला आंतरराष्ट्रीय तपासणीत हातची जाते आणि तिथून ती घरी पाठवायला वेळ नसतो.

पुसट अक्षरांच्या पॉवर बँकेबद्दल थोडं जास्त सांगतो, कारण बऱ्याच वस्तू याच कारणाने जातात. तपासणाऱ्या माणसाला बॅटरी आतून दिसत नाही. त्याच्याकडे पुरावा म्हणजे फक्त तो छापील मजकूर. तो वाचता आला नाही तर ती १० वॉट-अवरची आहे की २००ची, हे ठरवायचा मार्ग नाही, म्हणून ती बाजूला काढली जाते. फोनमधला फोटो, ऑनलाइन खरेदीची पावती, कंपनीच्या संकेतस्थळाचं पान यावर भरवसा ठेवू नका. बरेच उत्पादक राखाडी रंगावर करडी बारीक अक्षरं छापतात आणि ती किल्ल्यांबरोबर घासून वर्षभरात जातात. नवी पॉवर बँक घेतल्या दिवशीच त्या मजकुरावर पारदर्शक टेपची एक पट्टी चिकटवा, अक्षरं टिकतात. चीनमध्ये देशांतर्गत विमानाने फिरणार असाल तर आणखी एक अट आहे: २८ जून २०२५ पासून तिथे चीनचं थ्री-सी हे सुरक्षा प्रमाणपत्राचं चिन्ह नसलेली पॉवर बँक चालत नाही. आपल्याकडे विकत घेतलेल्या बहुतेक पॉवर बँकांवर ते नसतं.

आता टोकं झाकणं. हे काम सगळ्यात सोपं, आणि लोक टाळतात ते हेच. सुट्या बॅटरीची दोन्ही टोकं एकाच धातूला टेकली, म्हणजे नाणं, किल्ली, साखळी, हेअरपिन, काहीही, की त्या धातूतून मोठा प्रवाह वाहतो आणि काही सेकंदांत चटका बसण्याइतकं तापतं. नियम प्रत्येक बॅटरी वेगळी झाकायला सांगतो, आणि मूळ खोकं, प्लास्टिकचं झाकण, टोकांवर टेप किंवा स्वतंत्र पिशवी यातलं काहीही चालतं. कॅमेऱ्याच्या बॅटरीबरोबर कंपनी जे पातळ प्लास्टिकचं झाकण देते ते फेकू नका. ते हरवलं असेल तर वायरमन वापरतो ती काळी इन्सुलेशन टेप घ्या. बोटभर लांब तुकडा सोनेरी पट्ट्यांवर आडवा लावा आणि त्याचं एक टोक दुमडून ठेवा, म्हणजे काढताना नख खुपसावं लागत नाही. साधी सेलो टेप उन्हात वितळते आणि तिचा डिंक पट्ट्यांवर राहतो. मग कॅमेरा बॅटरी ओळखत नाही आणि दोष बॅटरीला जातो. टेप लावल्यावर प्रत्येक बॅटरी छोट्या झिपलॉक पिशवीत, एका पिशवीत एकच. अॅल्युमिनियम फॉइल अजिबात गुंडाळू नका. ड्रोनवाल्यांकडे असते ती अग्निरोधक पिशवी चांगली आहे, पण चार उघड्या बॅटऱ्या तीत एकत्र टाकल्या तर त्या एकमेकींना टेकणारच. टोकं आधी झाकायची, मग ती पिशवी.

टॉर्चचे १८६५० सेल या सगळ्यात बेभरवशाचे. एका सेलमध्ये साधारण १२ वॉट-अवर, म्हणजे आकड्याने किरकोळ. पण त्याची रचना पाहा. वरचं बटणासारखं टोक धन, आणि बाकी अख्खा डबा, बाजू आणि तळ मिळून, ऋण. त्या डब्यावर रंगीत प्लास्टिकचं कातडं असतं, वहीच्या कव्हरापेक्षा पातळ. वरच्या कडेशी धन टोक आणि ऋण डबा यांच्यात जेमतेम दोन मिलिमीटरचं अंतर राहतं. तिथे कातडं फाटलं असेल तर टोकाला नाणं टेकण्याचा अवकाश, शॉर्ट. निघण्याआधी सेल उजेडात फिरवून वरची कड बघा. चीर दिसली तर तो सेल नेऊ नका. चांगले असतील ते दोन सेलच्या प्लास्टिक डबीत ठेवा. ती कॅमेऱ्याच्या किंवा इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळते. तारकर्ली-मालवणला पाण्याखाली वापरतात ते स्कूबा टॉर्च नेत असाल तर एक गोष्ट वेगळी आहे: त्यांची उष्णता इतकी असते की चुकून चालू झाले तर बॅग पेटू शकते. त्यांना विमान कंपनीची परवानगी लागते, आणि बॅटरी टॉर्चमधून काढून वेगळी ठेवावी लागते.

पेन्सिल सेल, म्हणजे अल्कलाइन किंवा निकेलचे चार्जिंगवाले डबल-ए आणि ट्रिपल-ए, हे लिथियम नाहीत. ते नियमाने दोन्हीकडे चालतात. तरी भारतातल्या सुरक्षा तपासणीत केबिन बॅगेतल्या सुट्या सेलवरून अडवणूक होते, म्हणून ते न फोडलेल्या पाकिटात चेक-इनमध्ये टाकणं शहाणपणाचं. परदेशी दौऱ्यावर निघालेल्या नाटकाच्या किंवा वाद्यवृंदाच्या साउंडवाल्यांनी वायरलेस माइकच्या नऊ व्होल्टच्या चौकोनी सेलकडे खास लक्ष द्यावं. त्याची दोन्ही टोकं एकाच बाजूला, शेजारी शेजारी असतात. अशा दोन सेलची तोंडं समोरासमोर आली तर एकाची बटणं दुसऱ्यात नेमकी बसतात आणि दोन्ही तापतात. प्रत्येकाच्या तोंडावर टेप हवीच.

कॉर्डलेस ड्रिल. यंत्र केबिनमध्ये चालत नाही आणि बॅटरी सुटी झाली की चेक-इनमध्ये चालत नाही, त्यामुळे जोडी फोडावीच लागते. १८ व्होल्ट गुणिले २ एएच म्हणजे ३६ वॉट-अवर, ५ एएच म्हणजे ९०, ६ एएच म्हणजे १०८ आणि परवानगीची गरज. ९ एएचचा मोठा पॅक १६२ होतो, तो विसरा. खोक्यावर २० व्होल्ट मॅक्स लिहिलेलं असलं तरी चालू व्होल्ट बहुधा १८च असतात. बॅटरीच्या तळाशी वॉट-अवर छापलेले असतात, ते वाचा. भेटवस्तू म्हणून सीलबंद खोकं तसंच चेक-इनमध्ये जाईल असं समजू नका. खोकं फोडा, बॅटरी बाहेर काढा, तिची टोकं झाका.

ड्रोनच्या बॅटऱ्या तुमच्या बाबतीत अडचणीच्या नाहीत. छोट्या ड्रोनची बॅटरी साधारण १८ वॉट-अवरची असते. त्या पूर्ण भरून नेऊ नका. भरलेल्या सेलमध्ये ऊर्जा जास्त, म्हणून बिघडला तर आगही जास्त. मालवाहू विमानाने सुट्या बॅटऱ्या पाठवताना चार्ज ३० टक्क्यांच्या आत ठेवायचा नियम आहे, तोच विचार आपल्या जादा बॅटऱ्यांनाही लावा. ३० ते ५० टक्क्यांवर आणून नेलेल्या बॅटरीचं आयुष्यही वाढतं. फोन आणि लॅपटॉप मात्र चार्ज ठेवा, काही विमानतळांवर ते चालू करून दाखवायला सांगतात. ड्रोन घेऊन उतरणार आहात त्या देशाचा ड्रोनचा कायदा हा वेगळा विषय, तो आधी बघा.

चित्रीकरणाच्या युनिटला इथे जास्त डोकं लावावं लागतं. व्ही-माउंट बॅटरीवर, म्हणजे सिनेमा कॅमेऱ्याच्या पाठीला अडकवायच्या मोठ्या बॅटरीवर, १४.८ व्होल्ट ६.६ एएच असेल तर ९८ वॉट-अवर, परवानगीशिवाय. १० एएचच्या आसपास गेली की दीडशे, म्हणजे परवानगी आणि माणशी दोन. १९० आणि २३० वॉट-अवरच्या बॅटऱ्या विमानात प्रवासी सामान म्हणून जाऊच शकत नाहीत, परवानगी मागूनही नाहीत. मुंबईहून बाहेर शूटला जाताना त्यांना दोनच रस्ते: पोहोचल्या गावी भाड्याने घ्या, किंवा धोकादायक माल हाताळणाऱ्या एजंटामार्फत मालवाहू विमानाने पाठवा आणि त्यासाठीचे दिवस धरा. ९८च्या दहा-बारा बॅटऱ्या एकट्या कॅमेरा अटेंडंटच्या बॅगेत भरणं नियमात बसलं तरी तपासणीत अडकतं. युनिटमधल्या पाच जणांत वाटा, प्रत्येकाकडे दोन-तीन, टोकं झाकलेल्या, लेबल वर. १५०च्या असतील तर परवानगी ज्याच्या नावाने आहे त्याच्याच बॅगेत त्या हव्यात.

परवानगी काढायची पद्धत सोपी आहे, पण काउंटरवर जाऊन नाही. प्रवासाच्या किमान तीन दिवस आधी कंपनीच्या ग्राहकसेवेला ईमेल करा. बुकिंग क्रमांक, बॅटरीचं मॉडेल, वॉट-अवर, नग किती, आणि लेबलचा स्पष्ट फोटो जोडा. लेखी उत्तर छापून सोबत ठेवा. फोनवर कुणी हो म्हटलं त्याला गेटवर अर्थ नसतो. जोडविमान दुसऱ्या कंपनीचं असेल तर तिची वेगळी परवानगी लागते.

वडिलांचा सीपॅप. यंत्र आणि त्याची बॅटरी दोन्ही केबिनमध्येच न्या, चेक-इनमध्ये नाही. बॅग उशिरा पोहोचली तर पहिलीच रात्र अडचणीची जाते. प्रवासी सीपॅपच्या बॅटऱ्या बहुतेक १०० वॉट-अवरच्या आत असतात, तरी लेबल बघा. १०० ते १६०ची असेल तर परवानगी काढा. डॉक्टरांची इंग्रजीतली चिठ्ठी जवळ ठेवा. विमानात झोपताना यंत्र लावायचं असेल तर कंपनीला आधी कळवा, आणि खुर्चीजवळच्या सॉकेटवर विसंबू नका. ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर असणाऱ्यांना पूर्ण प्रवासाच्या दीडपट वेळ पुरतील इतक्या बॅटऱ्या न्यायला अनेक कंपन्या सांगतात. लिथियम बॅटरीच्या व्हीलचेअरसाठी तरतूद अशी: बॅटरी काढता येत असेल तर काढून केबिनमध्ये, ३०० वॉट-अवरपर्यंत; आणि जादा म्हणून ३००पर्यंतची एक किंवा १६०पर्यंतच्या दोन. हे तिकीट काढतानाच कळवायचं असतं.

उपकरणात बसवलेली बॅटरी ही सुटी धरत नाहीत. ट्रिमर, विजेचा टूथब्रश, लॅपटॉप चेक-इनमध्ये चालतात, पण पूर्ण बंद हवेत. लॅपटॉप झाकण मिटून झोपवलेला म्हणजे बंद नव्हे. माझं मत विचाराल तर लॅपटॉप केबिनमध्येच बरा. बॅगेत टाकायचे ट्रॅकर, ज्यात सीआर२०३२ असतो, चेक-इनमध्ये बिनधास्त ठेवा. चार्जिंगची सोय असलेल्या सुटकेसची बॅटरी काढता येत नसेल तर ती सुटकेस चालत नाही. ई-सिगारेटवर भारतात २०१९ पासून बंदी आहे, ती नेऊच नका. इलेक्ट्रिक सायकलची बॅटरी ३६ व्होल्ट १० एएचची धरली तरी ३६० वॉट-अवर, म्हणजे प्रश्नच मिटला.

चुका कुठे होतात? बहुतेक वेळा घरातून निघताना नाही, मधे. पहिली जागा शेजारपाजारचं पार्सल. लेकीसाठी मेतकूट, भाकरवडी आणि दिवाळीचा फराळ, आणि त्यातच कुणीतरी कागदात गुंडाळून दिलेली कोरी पॉवर बँक. सीलबंद आहे म्हणून चेक-इनमध्ये चालते, हा समज चुकीचा. एक्स-रेमध्ये ती दिसते, बॅग बाजूला निघते, तुम्हाला बोलावतात. वेळ नसेल तर बॅग मागे राहते. दुसऱ्याचं प्रत्येक पुडकं त्याच्यासमोर उघडून बघा, यात संकोच नको. दुसरी जागा बोर्डिंग गेट. विमान भरलेलं असेल किंवा एटीआरसारखं लहान असेल, तर ट्रॉली बॅग गेटवरच घेऊन पोटात टाकतात. त्या घाईत आतली पॉवर बँक आणि कॅमेऱ्याच्या बॅटऱ्या काढायचं राहून जातं. बॅटऱ्या खांद्यावरच्या बॅगेत असतील तर हा प्रसंगच येत नाही. तिसरी जागा गाडी. मे महिन्यात नागपुरात बंद गाडीच्या डॅशबोर्डवर तासभर ठेवलेली पॉवर बँक हात लावता येणार नाही इतकी तापते. विमानतळावर जाताना ती पायाशी, सावलीत ठेवा.

निघण्याच्या आदल्या दिवशी प्रत्येक बॅटरी सपाट फरशीवर ठेवून बघा. डुगडुगली, म्हणजे मधे फुगली आहे. फुगलेली, आपटून चेपलेली, वास येणारी किंवा कंपनीने परत मागवलेली बॅटरी केबिनमध्येही चालत नाही आणि चेक-इनमध्येही नाही. ती टोचू नका, दाबून सपाट करू नका, ओल्या कचऱ्यात टाकू नका. ई-कचरा घेणाऱ्या केंद्रात द्या.

सुरक्षा तपासणीला पॉवर बँक, लॅपटॉप आणि बॅटऱ्यांची पिशवी बाहेर काढून ट्रेमध्ये मोकळी ठेवा, लेबलची बाजू वर. बॅगेच्या तळाशी वायरींच्या गुंत्यात दडलेली पॉवर बँक एक्स-रेवर संशयास्पद दिसते आणि सगळी बॅग उपसावी लागते.

विमानात पॉवर बँकेने फोन चार्ज करू नका. एमिरेट्समध्ये मनाई आहेच. सिंगापूर एअरलाइन्स आणि थाई एअरवेजनेही २०२५ मध्येच बंदी घातली, आणि आपल्याकडेही आता महासंचालनालयाची तीच सूचना आहे. चार्ज करताना किंवा होताना सेल तापतो, त्यावर ब्लँकेट पडलं की उष्णता बाहेर जात नाही. चुंबकाने फोनला चिकटणाऱ्या वायरलेस पॉवर बँकेला बटण असेल तर ती बंद करून वेगळ्या पिशवीत ठेवा. किल्ल्या आणि नाणी तिच्यापासून लांब.

आणि कधी गोडसर, नेलपॉलिश रिमूव्हरसारखा वास आला, फुसफुस आवाज आला किंवा बॅग गरम लागली, तर लगेच ओरडून कर्मचाऱ्यांना बोलवा. बेलचं बटण दाबून वाट बघत बसू नका. केबल काढता आली तर काढा, पेटलेली वस्तू हातात घेऊ नका, स्वच्छतागृहाकडे पळवू नका, ब्लँकेटने झाकू नका. बर्फही टाकू नका, त्याने उष्णता आत कोंडते. कर्मचारी आधी ज्वाळा विझवतात आणि मग पाणी किंवा मद्य नसलेलं कुठलंही पेय ओतून सेल थंड करत राहतात. तुमचं काम तिथून बाजूला होऊन जागा मोकळी करणं आणि धुरापासून तोंड खाली ठेवणं.

फोन किंवा बॅटरी खुर्चीच्या फटीत पडली तरी हेच. खुर्ची मागेपुढे करून ती शोधू नका, विशेषतः मोटरवर हलणाऱ्या बिझनेस क्लासच्या खुर्चीत. त्या यंत्रणेत फोन चिरडला की आतला पापुद्रा फाटतो. खुर्ची आहे तशी ठेवा, उठून उभे राहा आणि कर्मचाऱ्यांना सांगा. ते ती हाताने काढून देतात.